पिकलेले केस आणि माणसाचे वय

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त महिला मंडळाने घेतलेल्या कार्यक्रमात एका निवृत्त परिचारिका भगिनीने केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मंडळाच्या सेक्रेटरीबाई घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, आरोग्यावर बोला." मी म्हटले, "कशावर बोलू? ब्लड प्रेशर, डायबेटीस, काय हवं ते सांगा." त्या जरा घुटमळल्या आणि हळूच म्हणाल्या, "खरं सांगू का? बायका विचारतात, केसांना काय लावायचं? काय लावलं म्हणजे वय दिसत नाही?"

मला हसू आले. पण नंतर विचार केला, की हा काही हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. आज या सभागृहात चाळिशीच्या पुढचे जेवढे लोक बसले आहेत, त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावर कलप, डाय, काळी मेंदी यातले काहीतरी आहे. लाजू नका, मीसुद्धा वीस वर्षे लावत होते. तेव्हा आज यावरच बोलू. केस का पिकतात, केसांच्या रंगाने माणूस तरुण किंवा म्हातारा का दिसतो, त्यात धोका काय आणि या सगळ्यात खरे-खोटे काय, एवढेच मला सांगायचे आहे.

सुरुवात माझ्या घरापासून करते.

आम्ही नायगावच्या बी.डी.डी. चाळीत राहायचो. आमचे आप्पा गिरणीत थ्रॉसल खात्यात कामाला होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. इथल्या बऱ्याच घरांनी ते दिवस पाहिलेत, मी वेगळे सांगायला नको. आप्पा तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते, पण डोके संपूर्ण पांढरे. आमच्या घराण्यातच लवकर केस पिकतात. संप काही मिटेना, तेव्हा आप्पा वॉचमनच्या नोकरीसाठी एका कंत्राटदाराकडे गेले. त्याने डोक्याकडे बघितले आणि म्हणाला, "आजोबा, तुम्हालाच राखायला माणूस ठेवावा लागेल."

शेहेचाळीस वर्षांचा माणूस. रात्रपाळीला उभा राहून सूत काढणारा. त्याला आजोबा म्हटले आणि परत पाठवले. वय विचारले नाही, कागद बघितला नाही. फक्त केस बघितले.

त्या रात्री आप्पांनी कलपाची बाटली आणली. आईने मोरीत बसवून जुन्या टूथब्रशने त्यांच्या केसांना आणि मिशीला कलप लावला. आठवड्याभराने ते दुसऱ्या कंत्राटदाराकडे गेले. त्याने विचारले, "वय काय?" आप्पा म्हणाले, "अडतीस." काम मिळाले.

बंधू-भगिनींनो, आमच्या घरी दर रविवारी त्रिशरण-पंचशील व्हायचे. त्या रविवारी चौथे शील म्हणताना आप्पांचा आवाज खाली गेला, तो मला अजून आठवतो. नंतर आईला म्हणाले, "रंग केसाला लावला त्याचं काही नाही गं. पण तोंडानं खोटं बोललो." हे वाक्य मी पुढे परत घेणार आहे.

आता थोडे विज्ञान बघू.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या जो रंग बनवतात त्याला मेलॅनिन म्हणतात. केस वाढताना हा रंग त्यात मिसळतो. वय वाढले की या पेशी कमी होतात, थकतात आणि पुढे येणारा केस रंगाशिवाय येतो. तोच आपला पांढरा केस. म्हणजे पांढरेपणा बाहेरून चढत नाही, मुळातून येतो. आणि मुळातून बाहेर आलेला केस हा निर्जीव धागा आहे. म्हणून जो केस पांढरा झाला तो कुठल्याही तेलाने काळा होत नाही. पेपरात येणाऱ्या जाहिराती काहीही म्हणोत. उन्हाने केस पिकतात हेही तसेच. आपल्याकडे म्हातारी माणसे म्हणतात ना, "हे केस काही उन्हात पांढरे केले नाहीत," ते शास्त्राला धरूनच आहे म्हणायचे!

दुसरा एक गैरसमज. एक पांढरा केस उपटला की दहा येतात म्हणे. असे काही होत नाही. एका मुळातून एकच केस येतो, तोही परत पांढराच. मात्र सारखे उपटून मूळ खराब होते आणि तिथे टक्कल पडते.

केस कधी पिकायचे हे बरेचसे आई-बापांकडून ठरून येते. आपल्या लोकांत पंचविशीच्या आतच केस पिकू लागले तर डॉक्टर त्याला अकाली पिकणे म्हणतात. अशा वेळी कलपाच्या आधी रक्त तपासा. बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल, थायरॉईडचा त्रास असेल तरी केस लवकर पिकतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांतही हे जास्त दिसते. माझ्या नात्यातल्या एका मुलीचे विसाव्या वर्षी केस पिकले. बघायला पाहुणे यायचे म्हणून घरच्यांनी दर महिन्याला डाय लावला, चार वर्षे. मुलगी सारखी थकलेली असायची, हातापायाला मुंग्या यायच्या. शेवटी तपासले तर बी-१२ अगदी कमी. केस शरीराची तक्रार सांगत होते, आम्ही त्यांचे तोंड काळे करत होतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. केसांच्या रंगाने वय खरेच कमी-जास्त दिसते का?

दिसते. उगीच नाही म्हणण्यात अर्थ नाही. २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डेन्मार्कमधल्या जुळ्या बहिणींच्या १०२ जोड्या होत्या, सगळ्या साठीच्या आसपासच्या आणि त्याहून मोठ्या. कोण किती वयाची दिसते आणि का, हे त्यात तपासले. बाई वयापेक्षा लहान किंवा मोठी दिसण्यात चेहऱ्याच्या सुरकुत्या, केसांचा पांढरेपणा आणि ओठांची जाडी या तिन्ही गोष्टींचा वेगवेगळा वाटा निघाला. म्हणजे पहिल्या नजरेत लोक केसांवरून वय वाचतात, हे खरे आहे.

पण दुसरा अभ्यासही ऐका. त्याच देशात, कोपनहेगन शहरात, सुमारे १३ हजार स्त्री-पुरुषांना अनेक वर्षे पाहिले गेले. त्याचा निष्कर्ष १९९८ साली आला. पांढरे केस, टक्कल किंवा सुरकुत्या जास्त म्हणून माणूस लवकर मरतो, असा सर्वसाधारण संबंध त्यात आढळला नाही. थोडक्यात काय, तर पांढरा केस बघणाऱ्याला वय सांगतो, पण तुमचे आयुष्य किती उरले आहे ते सांगत नाही.

आता गंमत अशी, की काळा रंग लावला म्हणजे माणूस तरुण दिसतोच असे नाही. पुष्कळदा उलटे होते. आपण लग्नात बघतो ना, साठीचे गृहस्थ, डोके आणि मिशी कोळशासारखी काळी. लांबूनच कळते, कलप आहे. असे का होते? नैसर्गिक काळा केस एकसारखा काळा नसतो. त्यात कुठे तपकिरी झाक, कुठे उजळ केस असतात. कलपाचा काळा मात्र सपाट, भिंतीला डांबर फासल्यासारखा. आणि वयाबरोबर चेहरा बदललेला असतो. त्वचेचा रंग एकसारखा राहत नाही, डोळ्यांखाली काळे येते, भुवया विरळ होतात. अशा चेहऱ्याभोवती गडद काळी चौकट लावली की प्रत्येक सुरकुती उठून दिसते. केस विरळ झालेले असले तर काळ्या केसांतून टाळू जास्तच दिसते. शिवाय केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तीन आठवड्यांत भांगात पांढरी रेघ उमटते. ती रेघ पांढऱ्या केसांपेक्षा जास्त वय सांगते, आणि वर हेही सांगते की बाई लपवत होती.

म्हणून ज्यांना लावायचेच आहे त्यांनी आपल्या तरुणपणीच्या रंगापेक्षा एक-दोन छटा उजळ, गडद तपकिरी रंग घ्यावा. सगळे केस एकजात रंगवण्यापेक्षा थोडे पांढरे राहिले तरी बरे दिसतात. आणि केस पांढरे असोत की काळे, ते स्वच्छ धुतलेले, नीट कापलेले, विंचरलेले असले की माणूस टवटवीत दिसतो. यात पैसा लागत नाही.

आता धोका. हे मात्र नीट ऐका, कारण हे मी दवाखान्यात रोज पाहिले आहे.

बहुतेक काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचे रसायन असते, पूर्ण नाव पॅरा-फेनिलीन-डायअमाईन. रंग त्याच्यामुळेच पक्का बसतो. पण काही लोकांच्या अंगाला ते मानवत नाही. आधी टाळूला, कानामागे खाज येते, मग पाणी सुटते, पापण्या सुजतात, कधी कधी चेहरा एवढा सुजतो की डोळे उघडत नाहीत. युरोपात डोक्याला लावताना हे रसायन २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, यावरून काय ते ओळखा. आणि दहा वर्षे लावून काही झाले नाही म्हणून पुढे होणार नाही, असे नसते. एकदा का शरीराने वैर धरले की ते सहसा जन्मभर सुटत नाही.

"आम्ही डाय लावत नाही, काळी मेंदी लावतो," असे पुष्कळ भगिनी म्हणतात. बायांनो, मेंदीचा स्वतःचा रंग लालसर-केशरी असतो. पांढऱ्या केसांवर नुसती मेंदी लावली तर केस लालच होणार. मेंदीत नीळ मिसळली तर काळसर रंग येतो, ते वेगळे. पण पुडीतली मेंदी अर्ध्या तासात कुळकुळीत काळा रंग देत असेल तर तिच्यात बहुधा पीपीडी आहे असे समजा. पाकिटावरची बारीक अक्षरे वाचा, चष्मा लावून वाचा. आणि लहान मुलांच्या हातावर लग्नकार्यात काळी मेंदी काढू नका. त्या दोन दिवसांच्या नक्षीने पोराला जन्माची ॲलर्जी लागू शकते.

चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, कुठलाही नवीन रंग आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून ४८ तास थांबा. दोन, डोक्याला जखम, पुरळ, खाज असेल तर लावू नका. तीन, हातमोजे घाला, सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, आणि डायने भुवया-पापण्या रंगवू नका. चार, बाटली-पुडी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. पोटात गेली तर घसा सुजून जिवावर बेतते. आणि एकदा सूज आली की परत लावायचे नाही. "या वेळी थोडंच लावते" असे करायचे नाही.

हे शेवटचे वाक्य मला आप्पांना सांगायचे होते.

आप्पांच्या कानामागे खाज सुरू झाली तेव्हा मी नर्सिंगचे शिक्षण घेत होते. पुस्तकात वाचले होते, म्हणून ओळखले. म्हटले, "आप्पा, हा कलपाचा त्रास आहे, बंद करा." ते म्हणाले, "बंद केला तर नोकरी बंद." दर पंधरा दिवसांनी कलप लावायचे, रात्रभर खाजवायचे, सकाळी कानाला खोबरेल तेल लावून गप्प बसायचे. १९८५ साली एकदा रात्रपाळीवरून आले ते चेहरा सुजून. दोन्ही डोळे मिटलेले. आईने हाताला धरून दवाखान्यात आणले. दोन दिवस भरती ठेवावे लागले. डोक्याला जखमा झालेल्या, औषध लागावे म्हणून केस पूर्ण काढले.

घरी आल्यावर आप्पांनी आरशात बघितले. डोक्यावर काळाही केस नाही, पांढराही नाही. हसून म्हणाले, "आता सांगा बघू माझं वय!" आणि खरेच सांगता येत नव्हते. कामावर टोपी घालून गेले. पण त्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. सुपरवायझरला जाऊन सांगितले, "साहेब, मी अडतीसचा नव्हतो. आज एकोणपन्नास पूर्ण आहेत. ठेवायचं तर ठेवा." सुपरवायझरने हजेरीचे पुस्तक काढले. दोन वर्षांत एक खाडा नव्हता. म्हणाला, "जा, गेटवर जा." पुढे नऊ वर्षे आप्पांनी तिथे काम केले. दर आठवड्याला गोटा करायचे.

या निमित्ताने धम्मातल्या दोन-तीन गोष्टी सांगते, त्या विषयाला धरूनच आहेत.

पहिली मखादेव जातकातली. मिथिलेचा हा राजा आपल्या न्हाव्याला सांगून ठेवतो, की माझ्या डोक्यात पहिला पांढरा केस दिसेल तेव्हा मला सांग. पुष्कळ वर्षांनी तो दिवस येतो. न्हावी सोन्याच्या चिमट्याने केस काढून राजाच्या तळहातावर ठेवतो. राजा न्हाव्याला शिक्षा करत नाही, उलट एक गाव इनाम देतो. राज्य मुलाच्या हाती सोपवतो आणि घर सोडतो. हा प्रसंग भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावर कोरलेला आहे, सोबत जातकाचे नावही आहे. ते शिल्प आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या लोकांना एका पांढऱ्या केसाची गोष्ट दगडात कोरून ठेवावीशी वाटली!

दुसरी लकुंटक भद्दिय थेरांची. ते अंगाने फार ठेंगणे होते. भेटीला आलेल्या तीस भिक्षूंनी त्यांना वाटेत पाहिले आणि लहान श्रामणेर समजले. भगवंतांनी विचारले, "इथून जाताना थेर पाहिलेत का?" ते म्हणाले, "नाही, एक लहान श्रामणेर दिसला." तेव्हा भगवंतांनी समजावले, की डोके पांढरे झाल्याने कोणी थेर होत नाही. ज्याच्या ठायी सत्य, धम्म, अहिंसा आणि संयम आहे तोच खरा थेर. धम्मपदात या गाथा आहेत. म्हणजे केसांवरून माणूस ओळखण्याची चूक त्या काळच्या भिक्षूंचीही झाली, तर कंत्राटदाराची काय कथा!

तिसरी गोष्ट विनयातली. भिक्षूंनी पांढरे केस उपटून काढू नयेत असा नियम आहे. पण तो भिक्षूंसाठी. उपासक-उपासिकांनी कलप लावू नये असे पंचशीलात कुठे नाही. उगीच कोणाला पापाची भीती घालू नका. नीटनेटके राहणे हा आपल्याकडे चैनीचा विषय कधीच नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या आया-आजींना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली, अस्पृश्यतेची ओळख सांगणारे दागिने टाकायला सांगितले. आपण कसे दिसावे हे दुसऱ्याने ठरवायचे नाही, हा त्याचा अर्थ. तेव्हा एखाद्या भगिनीला केस रंगवावेसे वाटले तर तिने खुशाल रंगवावेत, काळजी घेऊन रंगवावेत. आणि नाही रंगवले तर तिला कोणी टोचू नये.

टोचतो आपणच, ते कबूल करू या. पुरुषाचे केस पांढरे झाले की आपण म्हणतो, कसा भारदस्त दिसतो. बाईचे झाले की म्हणतो, स्वतःकडे लक्षच नाही हिचे. विधवा भगिनीने कलप लावला तर आणखी वेगळे बोलतो. मुलगी बघायला गेलो की भांगात डोकावतो. नोकरी देणारा केस बघतो म्हणून आप्पांना खोटे बोलावे लागले, याचे मला वाईट वाटते. पण सून निवडताना आपणही त्या कंत्राटदारासारखेच वागतो.

आप्पांचे ते वाक्य आठवा. रंग केसाला लावला त्याचे काही नाही, तोंडाने खोटे बोललो. मला वाटते, सगळी गोष्ट त्यात आली. कलप हे खोटे नाही. तो कपड्यासारखा आहे, आवडला तर घाला. पण त्याच्यामागे भीती असेल, खाज सोसून, रक्त येऊन, वय चोरून तो लावावा लागत असेल, तर दोष लावणाऱ्याचा कमी आणि तसे लावायला भाग पाडणाऱ्यांचा जास्त. आपल्या वस्तीत तरी कोणाला तसे भाग पाडायचे नाही, एवढे आपण ठरवू शकतो.

मी निवृत्त झाले आणि रंग बंद केला. पहिले सहा महिने डोके अर्धे काळे, अर्धे पांढरे. शेजारणी विचारायच्या, "बरं नाही का?" एकदा लोकलमध्ये एका मुलीने उठून जागा दिली, म्हणाली, "बसा आजी." पहिल्यांदा मनाला लागले. दादरपासून ठाण्यापर्यंत बसून आले तेव्हा बरे वाटले! पांढऱ्या केसांचा एवढा तरी फायदा घ्यावा.

आप्पा गेले तेव्हा भिंतीवर कुठला फोटो लावायचा यावरून भावांत बोलणे झाले. एक फोटो वॉचमनच्या ओळखपत्राचा, काळ्याभोर केसांचा, तरुण दिसणारा. दुसरा शेवटच्या वर्षांतला, केस पुन्हा वाढवलेले, पांढरेशुभ्र. धाकटा म्हणाला, काळा लावू, त्यात छान दिसतात. आई म्हणाली, "तो कंत्राटदाराचा माणूस. माझा नवरा हा." पांढऱ्या केसांचाच फोटो लावला. आजही तोच आहे.

माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झाले असेल तर क्षमा करा. कोणाला खाज, सूज असा त्रास असेल तर कार्यक्रमानंतर मला भेटा, लाजू नका.